केळीच्या डागांचा टॉवेल

“हा टॉवेल उकळून उन्हात वाळवा, आणि घरात प्रत्येकाला वेगळा ठेवा,” असं गावातल्या आशा कार्यकर्त्या शीलाताई दारात उभ्या राहून सांगून गेल्या होत्या. हेमांगी तेव्हा हसली होती. “ताई, हाऊ मय नही, केयीना चीक शे. धुईसन निंघस का तो?”

मित्रांनो, तो जुना टॉवेल म्हणजे मी. हेमांगीच्या लग्नात आहेर म्हणून या ब्राह्मणपुरी गावातल्या घरात आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. पाहुणे मला गालाला लावून बघायचे. मग एकदा हेमांगीचे सासरे, पितांबर आबा, केळीचे घड उतरवून आले आणि त्यांनी मला हात पुसले. मळ नव्हे, चिकाचे काळे डाग पडले ते कायमचेच. त्या दिवसापासून माझी जागा मोरीजवळच्या खिळ्यावर. निघत नाही तर धुवायचं कशाला, असं सगळ्यांनीच धरून घेतलं.

डाग कुठला आणि घाण कुठली, हे मला मात्र कळत होतं. शेंबूड, वरणाची बोटं, पायांचा चिखल. मी कधी पुरता वाळलोच नाही. ओशट, बुळबुळीत, आंबूस. स्वतःच्याच अंगाची शिसारी यायची.

श्रावणात हेमांगीच्या चार वर्षांच्या लेकीच्या, कामिनीच्या नाकाखाली फोड आले. फुटले, वाहिले, त्यावर गुळाच्या पाकासारखी पिवळी खपली धरली. हेमांगी ते पाणी माझ्यानेच टिपायची. त्यातून स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू माझ्या धाग्यांत आले, मण्यांच्या माळेसारखे एकमेकांना धरून. एरवी ते माणसाच्या घशात, कातडीवर मुकाट बसतात. फट मिळाली की आत घुसतात. थोड्या वेळाने आबांनी त्याच टोकाने पाय पुसले. टाचांना भेगा, बोटांत चिखल्या, आणि अंगात शुगर.

तिसऱ्या दिवशी पोळा होता. हेमांगी आबांच्या पाया पडायला वाकली आणि तिचा हात तिथेच थबकला. पाय तव्यासारखा तापला होता.

“आबा, पाय दखाडा.”

“दुखस नही, तर काय दखाडू? तू डाक्तरीन व्हयनी का?”

सुनेने सासऱ्याचा पायजमा वर करायचा नसतो. तिने केला. पोटरीपर्यंत लाल, चकाकती सूज, आणि बोटांच्या बेचक्यातून पू. तिने पदर नाकाला लावला, पण पाय सोडला नाही.

शहाद्याच्या दवाखान्यात पाय वाचला. त्याची करंगळी गेली.

“यांचे पाय कशाने पुसता?” डॉक्टरांनी विचारलं.

घरी येताच तिने मला दोन बोटांत धरून उकळत्या पाण्यात टाकलं. पाणी मळकट झालं, वर तवंग आला. ती काठीने मला खालीवर करत राहिली. डाग तसेच राहिले, पण किती वर्षांनी मी स्वच्छ झालो. आता खिळ्यावर माझ्याशेजारी तीन टॉवेल असतात.

मित्रांनो, तुमच्या घरात शुगर असलेलं कोणी असेल तर आजच त्यांच्या पायाशी बसा. त्यांना विचारत बसू नका; शुगरने पाय बधिर होतात, जखम झाली तरी दुखत नाही. बोटं फाकवून आत बघा.