शंभराला सात फेरे कमी

मी सोंबोर गावच्या रादिवोय न्हाव्याच्या सलूनमधला रेकॉर्ड प्लेयर. बोलतोय म्हणण्यापेक्षा कबुली देतोय म्हणा. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज काढले, स्वतःचा काढायची ही पहिलीच वेळ. सुरुवातीला जरा खरखर झाली तर चालवून घ्या.

स्लोव्हेनियातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला खोक्यात भरण्याआधी एका बाईनं घड्याळ हातात धरून माझे फेरे मोजले होते. तीन मिनिटांत शंभर, एक कमी नाही की एक जास्त नाही. "याच्यावर स्टेशनचं घड्याळ लावावं," असं ती म्हणाली. कौतुकाचं ते एवढं वाक्य मी पुढं वर्षानुवर्षं चघळलं. अभिमान वाईट, हे मला फार उशिरा कळलं.

रादिवोयनं मला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोसाठी विकत घेतलं आणि सलूनमध्ये नेऊन ठेवलं. बायको त्यावर काय म्हणाली ते मी ऐकलंय, पण इथं सांगण्यासारखं नाही. आरशाखालच्या फळीवर मला जागा मिळाली. डावीकडे दाढीचे ब्रश, उजवीकडे पाणी तापवायचा बंब.

दर रविवारी सलूनला सुट्टी. अकराच्या सुमाराला तिघं जण आरशांकडे तोंड करून खुर्च्यांवर येऊन बसत. एक रादिवोय. दुसरा ओस्तोया, शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर, लाल दाढीचा आणि प्रत्येक विषयात बोलायची घाई असलेला. तिसरा गेझा, कोपऱ्यावरचा औषधवाला, अबोल आणि नीटनेटका. आठवडाभरात ज्याला जी रेकॉर्ड मिळाली असेल ती त्यानं आणायची, तिघांनी ऐकायची आणि मग मत द्यायचं.

मत देण्याचे त्यांचे नियम कोर्टाहून कडक. रेकॉर्डचं कव्हर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं असे, म्हणजे नावाला भुलायला नको. आरशांवर टॉवेल टाकलेले असत, म्हणजे एकाचं तोंड बघून दुसऱ्यानं मत बनवायला नको. मतं झाली की कागद सोडायचा. मग ज्यानं रेकॉर्ड आणली त्यानं एका कार्डावर निकाल लिहून सलूनच्या खिडकीत लावायचा. तो निकाल सगळं गाव आठवडाभर वाचे. दुकानात रेकॉर्ड घ्यायच्या आधी लोक खिडकी बघून जात. तिघांच्या घरी आपापली यंत्रं होती, पण ओस्तोया म्हणायचा, "घरचं ऐकणं म्हणजे सूप चाखणं. जेवायला इथं बसायचं. आपल्या मशीनवर वाजलं तेच खरं."

आपल्या मशीनवर. म्हणजे माझ्यावर.

आता गुन्ह्याकडे वळतो. बंबाच्या वाफेनं माझ्या पोटातला रबरी पट्टा हळूहळू सैल झाला. खुर्चीवरून उडणारे केस आत शिरून थाळीच्या कण्याला गुंडाळले गेले. नव्याण्णव फेरे झाले, मग सत्त्याण्णव, मग त्याहून कमी. इतकं हळू झालं की कुणाला पत्ता लागला नाही. मला लागला. मी फेरे मोजतोच, मला दुसरं काम काय?

मी गप्प बसलो. एक झटका देऊन पट्टा तोडून टाकता आला असता. पण बिघडलेल्या वस्तू रादिवोय कोळशाच्या खोलीत टाकी. तिथं एक रेडिओ होता. एकेकाळी त्यावर जगभरच्या बातम्या ऐकायला गल्ली जमायची, आणि आता त्याच्यात उंदरांची तिसरी पिढी नांदत होती. मला उंदरांची भीती वाटते.

तर मी रेंगाळत वाजू लागलो आणि सोंबोरची संगीतातली समज वाढली. लग्नात वाजवायच्या पिपाण्यांची रेकॉर्ड लावली, तर शेजारचा बेकरीवाला टोपी काढून रस्त्यात उभा राहिला. कुणाची अंत्ययात्रा आहे, म्हणून विचारायला आला. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात एखाद्याची अर्धी दाढी होईल, अशी ढोलकी वाजू लागली. आणि आमचे तिघे? ते खूश. "हल्लीची पोरं प्रगल्भ झालीत," ओस्तोया म्हणाला. "घाई नाही, उथळपणा नाही." दोन वर्षं खिडकीतल्या कार्डांवर सारखं 'प्रगल्भ' येत राहिलं. ज्यांची गाणी मुळातच संथ होती त्यांच्या वाट्याला मात्र 'रटाळ' आलं. त्या बिचाऱ्यांची काय चूक?

एका रविवारी गेझानं रेकॉर्ड आणली. नेहमी तो कागदात गुंडाळलेलं कव्हर टेबलावर ठेवी. त्या दिवशी मांडीवर घेऊन बसला. बाईचा आवाज होता, सोबत मेंडोलिन, सात गाणी. माझ्याकडून तो आवाज असा बाहेर पडला, की ओल्या ब्लँकेटखाली कुणी गातंय.

"बाई गाते का पोतं ओढते?" ओस्तोया म्हणाला.

"पोतं ओढणारा कधीतरी पोचतो तरी, मास्तर," रादिवोय म्हणाला.

"बाईच आहे ना पण? मला सर्दी झालेला पाद्री वाटला."

"मेंडोलिनवाला जेवून बसलाय."

"बसलाय? आडवा झालाय तो."

आरशांवर टॉवेल होते, म्हणून त्या दोघांना गेझाचं तोंड दिसलं नाही. मला दिसलं. औषधाची चुकीची बाटली गिऱ्हाइकाला दिली आणि गिऱ्हाईक गल्लीच्या टोकाला गेल्यावर आठवलं, तसं ते तोंड होतं.

"तुझं मत, गेझा?"

"घरी बरी वाटली होती," तो हळूच म्हणाला. "इथं... जड वाटते."

"सूप आणि जेवण," ओस्तोया म्हणाला. "सोड कागद. कोण ही?"

गेझानं ते कव्हर कागदासकट पिशवीत सरकवलं. "त्यात काही नाही, नुसता पुठ्ठा आहे. सीमेपलीकडच्या पेचची कुणी हौशी बाई. एका गिऱ्हाइकानं दिली."

आणि नियमाप्रमाणे त्यानं स्वतःच्या सुबक अक्षरात कार्ड लिहिलं. पेचची एक हौशी बाई. सात गाणी, सोबत मेंडोलिन. झोपेत चालणाऱ्यानं गावं तसं. घेऊ नये.

सोमवारी सकाळी खिडकीपाशी एक बाई थांबली. तिनं कार्ड वाचलं, टोपली खाली ठेवली आणि पुन्हा वाचलं. मग टोपली तिथंच विसरून निघून गेली. पुढचा रविवार उगवेपर्यंत मला कळलं नव्हतं, की ती गेझाची बायको एटेलका. त्यानं घरी तिला सांगितलं होतं, "या खेपेला तुझी लावायला वेळच झाला नाही."

रविवारी ती दार ढकलून आत आली. रेकॉर्ड काखेत.

"या, वहिनी," रादिवोय उठला. "गेझा आत्ताच आलाय."

"मी यांच्यासाठी नाही आले. दाढी करायलाही नाही. ही तुम्ही जिथं ऐकलीत तिथं मला ऐकायचीय."

तिनं कव्हर फळीवर ठेवलं. त्यावर तिचा फोटो होता. ओस्तोया बोलायला तोंड उघडून तसाच राहिला. मी त्याला ओळखतो तेव्हापासून असं प्रथमच घडलं.

"आणि हे टॉवेल काढा," ती म्हणाली. "मला तोंडं बघायचीत."

सुई टेकली. मी फिरू लागलो, आणि खरं सांगतो, त्या दिवशी शंभर फेरे मारायची मी जिवापाड धडपड केली. पट्टा घसरत राहिला. तिनं दोन ओळी ऐकल्या आणि रेकॉर्डबरोबर स्वतः गाऊ लागली. कडवं संपवून ती थांबली, तर रेकॉर्डवरची ती अजून दोन शब्द मागे होती.

"वहिनी जरा घाईत आहेत," ओस्तोया पुटपुटला.

"मी रोज याच चालीत गाते, मास्तर. विचारा यांना."

रादिवोयनं जखमेवर लावायची चिकटपट्टी घेतली, माझ्या फिरत्या थाळीच्या कडेला तिचा तुकडा डकवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागला. तीन मिनिटं भरली. त्र्याण्णव. पुन्हा मोजलं. त्र्याण्णव.

त्यानं थाळी उचलली. पट्टा जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखा लोंबत होता, आणि कण्याला अर्ध्या सोंबोरचे केस. त्यात लाल दाढीचेही होते.

"दोन वर्षांत आपण कितीजणांना प्रगल्भ म्हटलं, मास्तर?"

"रटाळ सोडून सगळ्यांनाच," ओस्तोया म्हणाला, आणि दोघांना हसू फुटलं. गेझाही हसला. सुटका झाल्यासारखा.

"बघ, एटेल," तो म्हणाला, "दोष मशीनचाच होता."

"आवाज जड केला मशीननं," ती म्हणाली. "'पेचची एक हौशी बाई' हे पण मशीननं सांगितलं?"

हसू थांबलं. त्या क्षणी कोळशाच्या खोलीत जायला माझी तयारी होती.

"मला वाटलं, घरी मी नवरा म्हणून ऐकतो," गेझा म्हणाला. "इथं खरं काय ते कळतं."

"आणि खरं कळल्यावर बायको बदललीत."

"वहिनी, मी नवं कार्ड लिहितो," रादिवोय मध्ये पडला.

"तुम्ही नको, उस्ताद. अक्षर ज्याचं होतं त्यानंच लिहू दे."

गेझानं लिहिलं. ही रेकॉर्ड माझी बायको एटेलका हिची आहे. चूक मशीनची होती, खोटं मी बोललो. ते कार्ड महिनाभर खिडकीत राहिलं. त्या महिन्यात डोकं दुखत नसलेली माणसं गेझाकडून डोकेदुखीच्या गोळ्या घेत होती, नुसतं तोंड बघायला.

मला नवा पट्टा मिळाला. पण एटेलका रादिवोयला म्हणाली, "हा मला द्या."

"हा? हा तर खोटारडा निघाला, वहिनी."

"घरी एक आहेच. दोघांवर एकदम लक्ष ठेवता येईल."

तर आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात कपाटावर असतो. माझे फेरे शंभर भरतात. पण तो सगळा हिवाळा एटेलका गायली नाही. पीठ मळताना नाही, कपडे वाळत घालताना नाही. फक्त दर रविवारी जेवण झालं की ती आपली रेकॉर्ड माझ्यावर लावी, गेझाच्या समोर बसे आणि त्याच्या डोळ्यांत बघून विचारी, "मत?"

"अप्रतिम," गेझा म्हणे.

"हे पण खोटं," ती म्हणे आणि भांडी घासायला उठे. दर रविवारी हेच. मी वाजायचं, त्यानं अप्रतिम म्हणायचं, भांडी आपटायची. त्या दोघांच्या मधली ती शांतता मी आणलेली होती आणि ती कशी परत न्यायची, मला माहीत नव्हतं.

मार्चमधल्या एका रविवारी गेझानं मान खाली घातली, मग मुद्दाम वर केली.

"तिसरं गाणं रेंगाळतं," तो म्हणाला. "मशीन नीट आहे, मी सकाळीच मोजलं. तरी रेंगाळतं. बाकीची सहा मला आवडतात. आधीपासून आवडतात. त्या दिवशी तिथंही आवडत होती, आणि मी नाही म्हणालो."

एटेलका खसखशीची वाटी हातात धरून बसली होती.

"तिसरं मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. "स्टुडिओत सांगितलं होतं त्यांना." आणि वाटी खाली न ठेवताच तिनं ते गाणं म्हटलं, चांगल्या उडत्या चालीत, शेवटपर्यंत. मी बंद होतो. मला कुणी लावलंही नाही, आणि तेच बरं झालं.

इथं माझी गोष्ट गोड झाली असं तुम्हाला वाटेल. मला नाही वाटत. एटेलका दार ढकलून आली, म्हणून तिचं तरी कळलं. त्या दोन वर्षांत खिडकीत आणखी पुष्कळांची नावं लागली. कुणी झाग्रेबचं, कुणी निशचं, कुणी अशा गावचं की ते मास्तरालाही नकाशात सापडलं नाही. रटाळ म्हणून कार्ड लागल्यावर त्यांनी काय केलं, गाणं सोडलं का, मला माहीत नाही. मला पाय नाहीत, त्यांच्या दारात जाता येत नाही.

तुम्हाला पाय आहेत. त्यांच्यातलं कुणी कधी भेटलं, तर माझं नाव घेऊन एवढं सांगा, की तुमचं गाणं संथ नव्हतं. सोंबोरच्या सलूनमधलं ते यंत्र संथ होतं, त्याला ते ठाऊक होतं, आणि उंदरांच्या भीतीनं ते गप्प बसलं.