आरतीची पात

तळेगाव दाभाड्याच्या त्या ऑफिसात राजेंद्रसरांचं नाव निघालं की लोकांची नजर आधी घड्याळाकडे जायची. गाड्यांच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी नोंदवणारा विभाग त्यांच्या हाताखाली होता. त्यात कोण कधी आलं, चहाला कधी उठलं, फोनवर किती वेळ हसलं, सगळं सरांना पाठ. माणूस वाईट नव्हता. पण सुटायची वेळ झाल्यावरही त्यांच्या टेबलासमोरून बॅग घेऊन जायची कुणाची छाती होत नसे.

याचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. गोरखआबा देहूरोडच्या डेपोत कामगार. भोंगा व्हायच्या आत ते गेटात असायचे, अंगात ताप असला तरी. 'मला उशीर झाला तर लोक माझं एकट्याचं नाव घेणार नाहीत, आपल्या सगळ्यांचं घेतील,' असं ते पोराला सांगत. ते पोराच्या हाडात मुरलं. फक्त आबा हा नियम स्वतःला लावत आणि चिरंजीव सगळ्या जगाला लावत होते, एवढाच काय तो फरक.

आरती त्यांच्या विभागातली सगळ्यात नवी मुलगी. पवना धरणाच्या मागच्या डोंगरातल्या एका वाडीची. आई नाही, घरात ती आणि वडील नवसू, दोघंच. ऐन लावणीत नवसूचा बांधावरून पाय घसरला आणि मोडला. तेव्हा लावणी उरकेपर्यंत घरून काम करू द्या, म्हणून तिनं अर्ज केला, आणि वरच्या साहेबांनी सरांना न विचारताच तो मंजूर केला. हे सरांच्या जिव्हारी लागलं. मग त्यांनी आपली अट घातली. नऊ ते सहा, स्क्रीनवर तिच्या नावापुढचा ठिपका हिरवा दिसला पाहिजे.

ठिपका काही हिरवा राहीना. दिवसातून कितीदा तरी तो करडा पडायचा. तिच्या नोंदी रोजच्या रोज पुऱ्या असत, चूक औषधालाही नसे. पण सरांचं समाधान नोंदींनी होणारं नव्हतं. पोरगी आपल्या पगारावर शेतात भात लावतेय, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. तिला रंगेहाथ धरायचं आणि सांगायचं, सोमवारपासून ऑफिसात बस नाहीतर राजीनामा दे. मोडक्या पायाच्या बापाला टाकून ती येणार नाही, म्हणजे नोकरी गेलीच, हेही त्यांना कळत होतं. तरी शुक्रवारी दुपारी त्यांनी गाडी काढली.

कामशेत मागे पडलं, धरणाच्या कडेचा रस्ता संपला, आणि पुढे गाडीनं हात टेकले. रेनकोट, ऑफिसचे बूट आणि मनात तयार करून ठेवलेलं भाषण, एवढ्या सामानानिशी सर बांधाबांधानं चालायला लागले. पाऊस एकसारखा लागला होता. समोरच्या कड्यावरून पांढरं पाणी कोसळत होतं, पण सरांना ते बघायला सवड नव्हती. त्यांचे डोळे आरतीला शोधत होते.

वळणावर खाचर लागलं आणि सर थांबले.

वाडीतल्या पंधरावीस जणी पानांची इरली पांघरून एका ओळीत वाकल्या होत्या आणि पावलापावलानं मागे सरकत भात लावत होत्या. सरांनी सवयीनं मुकादम शोधला. मुकादम नव्हता. कुणी ओरडत नव्हतं, कुणी मोजत नव्हतं. एक जण मधूनच उठली, बांधावरच्या बाळाला पाजून आली आणि पुन्हा आपल्या जागी वाकली. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. सगळ्यांचे हात मात्र एका लयीत चिखलात जात होते आणि त्यांच्या पुढे हिरवं रान तयार होत होतं. सर खुळ्यासारखे बघत राहिले. आपल्या विभागातली डझनभर माणसं इतकी वर्षं हाकूनही अशी कधी चालली नव्हती.

आरती त्यांच्यात नव्हती.

आणि मग त्यांना ते दिसलं. हिरव्या रानाच्या मधोमध, या बांधापासून ओळीपर्यंत, एक पट्टी कोरी होती. नुसतं गढूळ पाणी.

"इथं लावायचं राहिलं का?" त्यांनी विचारलं.

कडेची म्हातारी कंबर धरून उभी राहिली. तिला सगळे शालनमावशी म्हणत आणि खाचर तिचंच होतं. "पीक बगायला आलात का, भाऊ? राहिलं न्हाई, ठिवलंय. ती आरतीची पात हाय."

मावशीला माणूस आवडला असावा, कारण तिनं सगळं समजावून सांगितलं. ही सावड. आज हिच्या खाचरात सगळ्यांनी खपायचं, परवा आरतीच्या. घरटी एक माणूस. ज्याच्या वाट्याला जी पट्टी, ती त्याची पात.

"मग ती नाही आली तर दुसरीनं लावून टाकावी."

"आसं कसं? तिच्या हाताची जागा हाय ती. तिला जमंल तवा येती."

"आणि आलीच नाही तर?"

हा प्रश्न मावशीला आजवर कुणी विचारला नसावा. "येती की. रोज येती. आमी बांधावर थांबतो. शेवटची पात भरल्याबिगर कुनीबी घरला जात न्हाई."

भोंगा झाला की गेट बंद, हेच सरांनी जन्मभर पाहिलं होतं. गेट ठेवायची दुसरी तऱ्हाच असत नाही, असं ते धरून चालले होते. इथं एका पोरीसाठी दिवसभर वाट उघडी ठेवली होती, आणि तिथं पाय टाकायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. देवळात गेल्यावर काही लोकांचं जे होत असेल, ते सरांचं त्या चिखलाच्या काठावर झालं.

"पर आज आभाळ लय आलंय," मावशी म्हणाली. "वढा चढला तर पलीकडच्या बायकास्नी घर गाठता यायचं न्हाई. आरती वर पठारावर हाय, वाघदेवाच्या शिळंपाशी. तितंच रेंज येती. तिचा सायब लय कडक, सा वाजल्याबिगर सोडत न्हाई. घड्याळ गिळलंय म्हनं त्येनं."

ओळीतून हसू फुटलं. पोटातल्या घड्याळासकट सर उभे होते. त्यांनी फोन काढला, रेंज नव्हती. बाळ बांधावर रडत होतं, आणि त्याच्या आईला सहानंतरही थांबावं लागणार ते आपल्यामुळे, हे त्यांना लख्ख कळलं.

"मी सांगून येतो तिला," ते म्हणाले आणि चढायला लागले.

चढ सरांच्या पोटाला झेपणारा नव्हता. ढगात शिरल्यावर पुढचा दगडसुद्धा दिसेना. दोनदा आपटले, बुटात पाणी भरलं. वर पोचले तेव्हा शेंदूर फासलेल्या शिळेला टेकून इरल्याखाली आरती बसली होती. मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप, आणि एका हातानं काठीला बांधलेला फोन उंच धरलेला. सरांना पाहून ती ताडकन उठली.

"सर, ढग आला की नेट जातं हो. मी हलले नाहीये इथून. शप्पथ!"

भाषण केव्हाच वाहून गेलं होतं. "आरती, खाली जा."

तिचा चेहरा उतरला. "काढून टाकलंत मला?"

"नाही गं. तुझी पात राहिलीय. सगळ्या थांबल्यात."

"पण सहा कुठं वाजलेत?"

"ठिपका मी सांभाळतो. ते इरलं दे इकडे."

ती इरलं त्यांच्या डोक्यावर ठेवून शेळीसारखी उड्या मारत उतरली.

सर तिच्या जागी बसले आणि तिच्या नोंदी करू लागले. काठी धरून धरून हात भरून आला, तेव्हा ही पोरगी रोज काय करत होती ते त्यांना समजलं, आणि लाज वाटली. थोड्या वेळानं वाऱ्यानं ढग फाडला. सगळं खोरं एकदम उघडं पडलं: धरणाचं पाणी, पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, आणि तळाशी ती कोरी पट्टी. तिच्या टोकाशी एक आकृती वाकली होती. बाकीच्या सगळ्या बांधावर उभ्या होत्या. एकीचाही पाय घराकडे वळला नव्हता. आबांना हे दाखवायला हवं होतं, असं सरांना फार वाटलं.

त्यांनी तिच्याच लॅपटॉपवर, पण आपल्या नावानं, वरच्या साहेबांना लिहिलं, 'आरतीच्या कामाची वेळ आरती ठरवेल. मी जबाबदार.' पाठवायला गेले, तोच पुन्हा ढग आला. ठिपका करडा पडला, निरोप अडकला.

सर उठले, शिळेला पाठ लावली आणि काठी जितकी उंच जाईल तितकी उंच धरली. खाली, ढगाआड, पट्टी हिरवी होत होती. हात कळा मारत होता, पण निरोप जाईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.