मागच्या डोळ्यांची टोपी

पुढे

टोपी घातली आणि अंगण गेलं. भिंत गेली, कोंबड्या गेल्या, समोर तांदूळ निवडत बसलेली सासू गेली. उरला फक्त नव्या कापडाचा वास. सत्यशीलानं टोपी वर सरकवली. सगळं परत आलं. ती वाकली. सगळं परत गेलं.

"हे घालून मोहं वेचाचे? मले तर माहे पायच नाई दिसून राह्यले."

सासू, रुखमाबाई, हसली नाही.

मागे

मागे काय आहे हे टोपी घातलेल्या बाईला दिसत नाही. म्हणून तर टोपी.

जाड कापडाची, कानाच्या वरपर्यंत येणारी गोल टोपी. पाठीमागच्या बाजूला माणसाचा चेहरा छापलेला. मोठे पांढरे डोळे, काळ्या मिशा. वाघ मागून येतो, वाकलेल्या माणसावर येतो, आणि डोळ्याला डोळा भिडला की थांबतो, असं टोप्या वाटायला आलेल्यांनी चावडीपुढे सांगितलं.

"थांबतेच का?" कुणीतरी विचारलं.

"बहुतेक," ते म्हणाले.

बहुतेक.

पुढे

सगळ्या टोप्या एकाच मापाच्या. बाकीच्या बायकांना त्या बसल्या, कारण त्यांच्या डोक्यावर अंबाडे आहेत. सत्यशीलाचे केस हिवाळ्यातल्या तापात गेले. आता डोक्यावर बोटभर लव आहे. टोपी तिच्या डोक्यावर बसत नाही, डोक्याभोवती फिरते.

शेजारची कमळा कुडावरून डोकावली. वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी.

"अवं शीले, चिंचोक्याएवढं डोस्कं तुहं! नवरा गेला तेलंगणात मिरची तोडाले, अन इथी हा मिशावाला तुह्या डोस्क्यावर नाचून राह्यला!"

"तुम्हाले देऊ का?"

"माह्याकडं आहे नं एक. तोही असाच. बोलत नाई, नुसता पाह्यते."

दोघी हसल्या. मग दोघी थांबल्या, कारण दोघींना तीच गोष्ट आठवली. पलीकडच्या गावची बाई. होळीच्या आधी. तिची टोपली झाडाखाली मिळाली, बोरांनी भरलेली, सरळ ठेवलेली. बाई पुढे नाल्यात मिळाली.

तेव्हापासून सत्यशीला अंगणात झाडतानासुद्धा वाकत नाही. बसून झाडते. पाठ भिंतीला.

पण मोह गळायला लागला आहे. त्यांचं झाड जंगलात आहे, सासऱ्याच्या बापापासून या घराचं. झाडावर नाव नसतं. कोणतं झाड कुणी वेचायचं हे गावाला पाठ असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही. म्हणून बायका जंगलात घोळक्यानं जातात आणि जंगलात पोचल्यावर प्रत्येक बाई आपल्या झाडाखाली एकटी असते. तिथं वाकावंच लागतं. बसून सरकत वेचलं तर ऊन चढेपर्यंत अर्धंही होत नाही, आणि राहिलेलं हरणं खातात. रुखमाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ती जाऊ शकत नाही. घरात तिसरं कुणी नाही.

म्हणून टोपी बसली पाहिजे. आज. उद्या उजाडायच्या आत.

आधी कागद. वर्तमानपत्राची घडी करून टोपीच्या आतल्या पट्टीत कोंबली. टोपी घट्ट बसली. सत्यशीलानं मान वळवली. कर्र. मान खाली घातली. कर्र कर्र. कानाशीच कुणीतरी वाळल्या पानांवरून चालत असल्यासारखं. जंगलात बाई डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त सावध असते. कागद चुलीत गेला.

मग नवऱ्याचा दुपट्टा. डोक्याला गुंडाळून वर टोपी. हलेना, पडेना. रुखमाबाई काहीतरी म्हणाली. सत्यशीलाला फक्त तिचे ओठ दिसले. कान झाकले होते. दुपट्टाही गेला.

"पोलक्यावानी कर," रुखमाबाई म्हणाली. "सैल झालं का आपण काय करतो? मागून चिमटा घे, टाका मार. समोरून काई दिसत नाई."

बरोबर होतं. पोलकं असो, परकर असो, या घरातल्या बायका असंच करत आल्या. जोड, चुणी, ठिगळ, जे काही लपवायचं ते पाठीकडे. सत्यशीलानं टोपी उलटी केली, मागच्या बाजूला मधोमध आतून दोन बोटांचा चिमटा घेतला आणि वरपासून खालपर्यंत दुहेरी दोऱ्यानं शिवला. घातली. आरशात पाहिलं. कपाळावर सरळ. वाकली. आली नाही खाली. रुखमाबाईनं बोटांनी चाचपून पाहिलं.

"आता बराबर."

सत्यशीला पुन्हा आरशात पाहते. आरशात तिचाच चेहरा आहे, बारीक, घाबरलेला. टोपी मस्त बसली आहे.

मागे

(आरशात दिसत नाही.)

पुढे

उजाडलं आहे. पाऊलवाट दिसते आहे. बाकीच्या बायका अंधारातच त्यांच्या त्यांच्या वाटांना लागल्या होत्या. सगळ्यांत आत जाणाऱ्या दोघीच, कारण कमळाचं झाड आणि सत्यशीलाचं झाड दहा-बारा पावलांच्या अंतरावर. कमळा पुढे, सत्यशीला मागे. सत्यशीला ऐकते आहे. पानं. स्वतःची चप्पल. कमळाची चप्पल. कमळाची चप्पल थांबली.

"काटा. तू हो पुढं, आलीच मी."

सत्यशीला पुढे झाली. आता तिच्यापुढे कुणी नाही. मोहाचा वास यायला लागला, गोड, जड. झाड आलं. खाली पिवळा सडा पडला आहे. हे सगळं वाकून

"शीले."

"काय?"

"तुह्या मिशावाल्यानं डोळे मिटले नं वं!" कमळा मागून हसत आली. "मिशा गेल्या, नाक गेलं. झोपला जनू." आणि हसता हसता तिचा आवाज खाली गेला. "हे काय केलं तू, बाई?"

सत्यशीलानं टोपी काढली. उलटी फिरवून पाहिली. पहिल्यांदा मागून.

मागे

चिमट्यानं चेहरा मधोमध खाल्ला होता. दोन डोळ्यांचे आतले कोपरे शिवणीत गेले होते, बाहेरचे कोपरे एकमेकांना चिकटून एक बारीक पांढरी फट उरली होती. मिटत आलेल्या डोळ्यासारखी. गावापासून इथवर, झाडाझुडपांतून, ती हा चेहरा मागे लावून चालत आली. आता पाठीमागे कमळा होती म्हणून कळलं. काटा रुतायच्या आधी कमळाही पुढे होती. तेव्हा मागे

तेव्हा मागे काय होतं कुणाला माहीत.

पुढे

सत्यशीला वाटेकडे वळली.

"घरी जाऊ," ती म्हणाली.

"एकटी जाशीन? मी तर वेचल्याबगर नाई येत. अन तुले या टोपीनं पाठवतही नाई."

"मंग?"

"मंग उसव."

कमळा तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. कमळाची टोपी सत्यशीलाच्या उघड्या डोक्याला घासत होती. छापलेला चेहरा दोघींच्या मध्ये, काही न बघता. पाहायचं ते कमळाचे खरे डोळे पाहत होते. कमरेच्या विळ्याचं टोक टाक्यात शिरेना, म्हणून सत्यशीला दातांनी दोरा तोडायला लागली. घरी दुहेरी दोरा घेतला होता, पक्का व्हावा म्हणून. पक्का झाला होता. हिरडीतून रक्त आलं. दूर कुठेतरी वानर खाकरलं आणि गप्प झालं.

"काई आहे का?"

"पाह्यतो नं मी. तू शिव."

"शिवाले सुई कुठी आहे?"

"पिना नाई का तुह्या बांगडीत?"

होत्या. चार सेफ्टी पिना, एकीत एक अडकवलेल्या. टोपी उसवली. चेहरा सुरकुतला होता, पण उघडला. सत्यशीलानं साडीचा खालचा काठ विळ्यानं कापला. फाडला असता तर आवाज झाला असता. त्या पट्टीची तिनं घट्ट सुरळी केली, वात वळावी तशी. सुरळी टोपीच्या आतल्या पट्टीत घालायची. पण कुठे? मागे घातली तर चेहरा फुगून वाकडा होईल. कानांवर घातली तर कान दबतील. म्हणून सगळी पुढे, कपाळावर, एका कानाच्या अलीकडून दुसऱ्या कानाच्या अलीकडे. डोकं मागे ढकललं जाईल आणि मागचं कापड ताणून बसेल. पहिली पिन बोटात गेली. दुसरी सुरळीत. तिसरी. चौथी उजव्या बाजूला, नीट लागली की नाही ते कळलं नाही. उरलेल्या काठाचा बंद करून तिनं तो वरून, कानांच्या मागून घेऊन हनुवटीखाली बांधला.

"पाहा."

कमळा वळली. मागून पाहिलं. बोटानं एक सुरकुती सपाट केली.

"बोला नं!"

"चांगला पाह्यते," कमळा म्हणाली. "माह्यापेक्षा चांगला."

मग ती तिच्या झाडाकडे गेली.

आणि सत्यशीला वाकली.

टोपी हलली नाही. तिनं एक फूल उचललं. दुसरं. ओंजळभर. मान खाली, कान वर. पानाचा आवाज झाला की ती थांबायची. आवाज थांबला की उचलायची. टोपलीचा तळ झाकला. तिला वाटलं, आपण हे करू शकतो. भीत भीत, पण करू शकतो.

"शीले."

कमळाचा आवाज. पण कमळा असं कधी बोलत नाही. कमळा ओरडते. हा आवाज शेजारी निजलेलं पोर उठू नये म्हणून काढावा तसा होता.

"उभी होय. हळू. पलटू नको."

मागे

सत्यशीला उभी झाली. समोर कमळा, तिच्या झाडाखाली, हातात टोपली. कमळा तिच्याकडे पाहत नव्हती. तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. कमळाच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं. तोंड किंचित उघडं. डोळे मोठे, पांढरे.

मागे जे होतं ते कमळाच्या चेहऱ्यावर होतं. सत्यशीलाला तेवढंच वाचता येत होतं.

डोळे हलत नाहीत. म्हणजे तो हलत नाही.

उजव्या कानाच्या वर काहीतरी टोचलं. चौथी पिन. उघडली होती. सुरळी तिथून सुटत होती, केसाएवढी, पण सुटत होती. हात वर करावा? हात वर केला तर टोपी हलेल. टोपी हलली तर चेहरा हलेल. तिनं हनुवटी खाली दाबली, बंद ताणला. पिन आत गेली. कानामागून घाम की रक्त, काहीतरी मानेवर उतरलं. मानेवर. नेमकं मानेवर. तिला वाटलं की तिथंच आता

कमळाचे डोळे हलले. सत्यशीलाच्या उजवीकडे. थांबले. आणखी उजवीकडे.

म्हणजे तो हलतो आहे.

मानेला वळायचं होतं. सगळं अंग त्या बाजूला ओढलं जात होतं. ती कमळाच्या डोळ्यांना धरून उभी राहिली. डोळे उजवीकडे, लांब, झाडांमध्ये, लांब.

कमळानं श्वास सोडला. मग टोपली पालथी करून विळ्यानं बडवत ती ओरडायला लागली, शब्द नव्हते, नुसता आवाज. ओरडत ती सत्यशीलाच्या झाडाखाली आली आणि तिनं तिचा हात धरला.

पुढे

वाटेत दोघी ओरडत, टोपल्या बडवत आल्या. डांबरी रस्ता लागल्यावर गप्प झाल्या.

"कुठी होता?" सत्यशीलानं विचारलं.

"त्या करवंदीच्या मागं. बसून होता."

"बसून?"

"बसून. तुह्या टोपीकडं पाहून राह्यला होता."

"टोपीकडं? का तुमच्याकडं? तुम्हीही तर त्याच्याकडंच पाहत होत्या."

कमळा चालत राहिली. तिच्या चपलेतला काटा अजून निघाला नव्हता, ती लंगडत होती.

"मले काय मालूम, बाई," ती म्हणाली. "मी का त्याले विचारलं?"

मग गाव दिसू लागल्यावर:

"उद्या दोघी एकाच झाडाखाली. आधी तुह्या, मंग माह्या. एक वेचन, एक पाह्यन. गाव काई म्हणो."

मागे

सत्यशीला घरी येऊन भिंतीला टेकून बसली. टोपी काढली नाही. पाणी प्यायली, टोपी घालून. रुखमाबाईनं कमळाकडून सगळं ऐकलं. तिनं सुई-दोरा आणला, सत्यशीलाकडून ओवून घेतला, आणि खांदा धरून सुनेला भिंतीपासून पुढे ओढत सवयीनं तिच्या पाठीकडे जायला लागली. पिनांच्या जागी टाके घालायला.

"नाई!" सत्यशीला किंचाळली. कोंबड्या उडाल्या. "मागून नका येऊ. समोर या, आत्याबाई. समोरून."

रुखमाबाई थांबली. मग सावकाश फिरून पुढे आली, गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि चाचपत पहिल्या पिनेपर्यंत पोचली.

"काढू का टोपी?"

"डोक्यावरच शिवा."

"टोचन."

"टोचू द्या."

रुखमाबाई शिवायला लागली. तिचे धूसर डोळे सत्यशीलाच्या अगदी समोर होते. सत्यशीला त्यांच्यात पाहत राहिली, मागे काही हलतं का ते.