योगराज सरांची हिरवी कार्डं

वर्गात उभं राहून शिकवायचा कंटाळा आला, की काही माणसं प्रशिक्षक होतात. योगराज सर तसेच झाले होते. सोनगीरजवळच्या त्या जिल्हा परिषद शाळेत ते धुळ्याहून आले ते गळ्यात ओळखपत्र, हातात रंगीत कार्डांचा गठ्ठा आणि मागे फोटो काढायला एक माणूस घेऊन.

"परीक्षा ही जुनी गोष्ट झाली," ते चौथीच्या चारुलता बाईंना म्हणाले. "आता मूल स्वतःच स्वतःचं मूल्यमापन करतं. समजलं तर हिरवं कार्ड, थोडं समजलं तर पिवळं, नाही समजलं तर लाल."

मग त्यांनी अपूर्णांकांचा धडा घेतला. घेतला म्हणजे काय, फळ्यावर एक गोल काढला, त्याचे तुकडे केले आणि टाळ्या वाजवून घेतल्या. शेवटी म्हणाले, "समजलं ना? दाखवा बरं हिरवं!"

सगळा वर्ग हिरवागार झाला. फोटो निघाला. सरांनी तिथल्या तिथे मोबाईलवर शंभर टक्के भरून टाकले.

ते हेडसरांच्या खोलीत चहाला गेल्यावर बाईंनी विचारलं, "अर्धा मोठा की पाव?"

"पाव!" वर्ग ओरडला. "दोनपेक्षा चार मोठा शे ना!"

बाईंनी दीपमालाला उभं केलं. "तुला समजलं होतं?"

"नही बाई. माले काहीच समजनं नही."

"मग हिरवं का दाखवलंस?"

"बठ्ठासनी दखाडं, मंग मी बी दखाडं." सगळ्यांचं बघून तिनंही कार्ड वर केलं होतं.

बाईंना हसू आलं नाही. त्यांना सरांची किळस आली. पण कार्डं वाईट नव्हती, ती दाखवून घेणारा माणूस वाईट होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून भाकरी आणल्या, मुलांकडून त्यांचे अर्धे, पाव तुकडे करून घेतले आणि सांगितलं, "लाल दाखवणाऱ्याला मी परत समजावणार. खोटं हिरवं दाखवणाऱ्याला नाही." त्या दिवशी अर्ध्याहून जास्त वर्ग लाल झाला. बाईंनी मोबाईलवर तसंच भरलं.

आठवड्याभरात वरून फोन आला. हेडसर बन्सीलाल घाम पुसत वर्गाच्या दारात आले. "बाई, तालुक्यात आपलीच शाळा लाल दिसते. हिरवं करून टाका ना, उगाच कटकट!"

"मुलांना येईल तेव्हा करेन."

"अहो, आकड्यांना कोण विचारतं?"

"मग फोन कशाला आला, सर?"

हेडसरांनी ऑफिसात बसून स्वतःच्या बोटांनी सगळं हिरवं केलं. पुढे योगराज सरांचा धुळ्यात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. हेडसर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. बाईंनाही बोलावणं होतं. त्या गेल्या नाहीत. वर्गात त्या दिवशी दीपमाला मैत्रिणीला दटावत होती, "आते सांग, तिसरा भाग मोठा का पाव?" मैत्रीण चुकली. बाईंनी खडू उचलला.