कलघटगीला गाडी कोण नेणार

ओमानमधल्या सोहारला आल्यावर पहिली तीन वर्षं प्रीतीचं गाडीवाचून काही अडलं नव्हतं. नवरा सिद्धांत कारखान्यात शिफ्टला, मुलगी राणी शाळेच्या बसने, भाजी खालच्याच दुकानात. मग एका दुपारी राणी तापानं फणफणली. सिद्धांतचा फोन लागेना. भर उन्हात पोरीला कडेवर घेऊन प्रीती अर्धा तास टॅक्सीची वाट बघत उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी तिनं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

तिथं लायसन्स सहजी मिळत नाही. परीक्षेत ओळीनं ठेवलेल्या पिंपांच्या मधून गाडी मागे काढायची, एकाही पिंपाला शिवायचं नाही. तीनदा ती नापास झाली, चौथ्यांदा पास. तेव्हापासून दवाखाना, बाजार, सिद्धांतला शिफ्टला सोडणं, सगळं तिच्याकडे आलं.

यंदा सुट्टीला ती राणीला घेऊन आधी हुबळीला सासरी आली. सिद्धांत दहा दिवसांनी येणार होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कलघटगीहून फोन आला. सासऱ्यांची, आप्पासाहेबांची, बहीण मथुरा तिथं एकटीच राहायची. ती न्हाणीत घसरून पडली होती. तिथले डॉक्टर म्हणत होते, खुब्याचं हाड मोडलंय, हुबळीला न्या. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली.

सिद्धांतनं घेऊन दिलेली गाडी दारात उभी होती, पण ती चालवणारा चेतन गावी गेला होता. आप्पासाहेबांचा जन्म रेल्वे वर्कशॉपात गेला, स्टिअरिंग त्यांनी कधी धरलं नव्हतं.

"मामा, किल्ली द्या," प्रीती सासऱ्यांना म्हणाली.

"अगं, तिकडं गाड्या उजवीकडनं चालतात. इथं कारवार रोडवर ट्रक बघितलेस काय?"

"इथलंही लायसन्स काढलंय मी मागच्या सुट्टीत. सावकाश नेते."

सासूबाईंनी, रंगूबाईंनी, किल्ली आणून सुनेच्या हातात ठेवली. "बसा तुम्ही गाडीत. ती तिकडं कण्हत पडलीय."

पहिल्या वळणावर प्रीती तिकडच्या सवयीनं इंडिकेटर द्यायला गेली आणि कोरड्या काचेवर वायपर फिरला. आप्पासाहेबांनी खिडकीवरचं हँडल गच्च धरलं. दुसऱ्या वळणाला हात बरोबर बसला. शहर मागं पडलं तशी त्यांची मूठही सुटली.

कलघटगीत बाजाराचा दिवस होता. मथुराबाईंच्या बोळात दोन्हीकडं हातगाड्या. एक भाजीवाली कन्नडात म्हणाली, गाडी आत जायची नाही, बाईंना खुर्चीवर उचलून आणा. प्रीतीनं आरसे नीट केले आणि गाडी उलटी आत घेतली. भाजीवाली मागं उभी राहून हात दाखवू लागली, "बरली अक्का, इन्नू बरली," येऊ दे, अजून येऊ दे. गाडी दाराशी टेकली तेव्हा दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली होती.

मथुराबाईंना गादीसकट मागच्या सीटवर निजवलं. खड्डा आला की प्रीती आधीच सांगायची, "आत्याबाई, धक्का बसेल हं." तासाभरात त्या हुबळीच्या दवाखान्यात होत्या. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं.

संध्याकाळी सिद्धांतचा फोन आला. "तिकीट बदलून लगेच येऊ का?"

"नको," प्रीती म्हणाली. "रजा ठरल्या दिवशीच घे. इथलं मी बघते."

आप्पासाहेब शेजारी चहा पीत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या रंगूला दवाखान्यात डबा घेऊन जायचंय. तू किती वाजता काढतेस गाडी?"

"दहाला."

"मग मीपण येतो," ते म्हणाले.