गावकीची सतरंजी आणि ती मेली चटई

मी देवळातली सतरंजी बोलतेय. हसताय? हसा. माझ्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखवा, मग मानीन तुम्हाला. मी तोंड उघडलं तर गावातल्या अर्ध्या बाप्यांना घाम फुटेल, एवढं माझ्यावर बसून बोलून झालंय.

जन्म माझा तुरुंगातला. मला विणणारा आत कशाला गेला होता ते विचारू नका, हात मात्र सोन्याचा. निळे-तांबडे पट्टे बघा, अजून उठून दिसतात. शाळापण शिकले, अर्धी. शाळेची कौलं उडाली तेव्हा पोरं देवळात माझ्यावर बसायची. दोनाचा पाढा संपला नि शाळेवर पत्रे चढले. माझं शिक्षण तिथंच खुंटलं.

पण मान कुणाला? मला! आमचं गाव दापोलीकडचं. इलेक्शन आलं की गावकी, म्हणजे घराघरातल्या कर्त्यांची बैठक, माझ्यावर बसायची. मत कुणाला द्यायचं ते इथं ठरायचं, केंद्रावर जाऊन नुसतं बटण दाबायचं. बसायचे फक्त बाप्ये हां. बाया खांबापलीकडं उभ्या. त्यांनी मला फक्त धुवायचं. पानाचे डाग घासून घासून म्हाताऱ्या धोंडूबायचे हात सोलले, पण कधी बूड टेकलं नाय. मला त्याचं वाईट वाटायचं का? छे. ऐट वाटायची.

यंदा आमच्या वाडीची पंचायतीची जागा बाईला सुटली. गावकीचा म्होरक्या सखाराम, त्यानं आपली सून सानिका उभी केली. सून नावाला, कारभार हा करणार. तर धोंडूबायची सून रुपाली, तिनंपण फॉर्म भरला! पऱ्यावरचा साकव, होता तेवढा पूल, वाहून गेलाय, पोरी ओढ्याच्या ढोपरभर पाण्यातनं शाळेला जातात, आणि सखाराम आपला "बघू, बघू" करतोय. रुपाली म्हणाली, मीच बघते.

मग काय, सखारामानं बैठक लावली. देवापुढं नारळ ठेवला, गुरवानं देवाला साक्षी ठेवून गाऱ्हाणं घातलं. एकेका घरचा कर्ता उठला आणि नारळाला हात लावून बोलला, "माझ्या घरची मतं सानिकाला." रुपालीचा नवरा विनीत, लोट्याला कंपनीत असतो, तोपण आलेला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्यानं मान खाली घातली नि हात लावला. परत फिरला तेव्हा मी माझा एक दोरा त्याच्या अंगठ्यात अडकवला. पडला मेला थेट सखारामाच्या मांडीवर!

दुसऱ्या दिवशी मला धुऊन रुपालीच्या गडग्यावर वाळत टाकली. तिथं मी तिला पहिल्यांदा बघितली. प्लास्टिकची चटई! हिरवी-गुलाबी, वर पोपट छापलेले. ना वजन, ना ऊब. फडकं फिरवलं की झाली आंघोळ. आणि तिच्यावर बाया मांडीला मांडी लावून बसलेल्या, खिदळतायत, एकमेकींच्या पाठीत धपाटे घालतायत. माझ्यावर बसून असं कुणी कधी हसलं नव्हतं. जळले गो बाय मी. उन्हानं नव्हे.

विनीत दारात घुटमळत होता. "शब्द दिलाय गो मी. मोडला तर देव कोपेल."

"तुम्ही दिलात ना? मग तुम्ही पाळा," रुपाली म्हणाली.

गुरवाची बायको काशी एकदम ताठ बसली. "आणि आम्ही गो? आमच्यातल्या कुणी लावला नारळाला हात?"

मग धोंडूबाय म्हणाली, "लावणार कशा? आपल्याला त्या सतरंजीवर चढू कोण देतंय?"

अशा हसल्या, अशा हसल्या, मला वाटलं पोपट उडतात आता. वाडीचं मत ठरलं, आणि ते त्या पोपटांवर ठरलं!

बाप्यांनी इमानदारीत सानिकाला मतं दिली. पण वाडीत बाप्यांपेक्षा बाया जास्त, निवडून आली रुपाली.

सखाराम देवळात गरजला, "शब्द कुणी मोडला?"

सानिका खांबाआडून म्हणाली, "मामा, नारळाला हात लावलेल्यांपैकी कुणीच नाय मोडला."

"मग मतं गेली कुठं?"

"बाकीच्यांचं काय ठाऊक नाय. माझं गेलं रुपालीवहिनीला. मी कुठं हात लावलेला?"

सखाराम पचकन पान थुंकला, तेपण माझ्यावर!

रुपालीनं पहिली सभा देवळात लावली. बाया खांब ओलांडून आत आल्या. मी सगळ्या सुरकुत्या ताणून पडले. म्हटलं, आता बसतील! तर काशीच्या काखेत ती बया! झटकली, माझ्या शेजारी पसरली, नि सगळ्या तिच्यावर. माझ्यावर आपले तेच बाप्ये. साकव लाकडाचा की लोखंडाचा, सगळं तिकडं ठरलं. विनीतपण हळूहळू सरकत तिच्या कडेला जाऊन टेकला. माझ्याच डोळ्यांदेखत!

आजपण सभा तिकडंच रंगलीय. मी इथं कोपऱ्यात. तुम्ही रुपालीला एवढं सांगा, ते पोपट दोन उन्हाळे टिकायचे नायत. एकदा माझ्यावर टेकून बघा म्हणावं. मी कुणाकडनं शब्द मागणार नाय, मत विचारणार नाय. नुसतं बसा. हवं तर हसा.

थांबा, थांबा. धोंडूबाय उठली. गुडघे धरून काय पुटपुटतेय? "ह्या मेलीवर बूड गार पडतं गो." इकडं बघतेय. इकडंच येतेय!

अहो, तुम्ही काय मघापासून माझ्यावर मधोमध ठाण मांडून बसलायत? म्हातारीला जागा नको? उठा. जा आता!