बोअरच्या पंपाची प्रत

कलबुर्गीच्या औद्योगिक वसाहतीत शिवशंकरअण्णांचा पंपांचा कारखाना होता. तयार पंप तपासणीच्या टेबलावर चढवला की संगणकच दाब मोजून पास-नापास सांगायचा. तो प्रोग्राम कारखान्यात कामाला असलेल्या मंजुश्रीचा. त्यात ओळी लिहायच्या नसत. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे, की झाली प्रोग्रामची आकृती. असा प्रोग्राम वर्ग, म्हणजे 'क्लास', पाडून कसा बांधावा, म्हणजे तोच पुन्हा पुन्हा वापरता येतो, हे शिकायला अण्णांनी तिला पुण्याला धाडलं होतं. तिथलं सगळं तिच्या डोक्यावरून गेलं, आणि सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटली.

"आलं का गं?" परतल्यावर अण्णांनी विचारलं.

"व्हय अण्णा," म्हणून ती मोकळी झाली.

मग पंपाचा नवा प्रकार आला की ती जुन्या आकृतीची प्रत काढायची आणि नाव बदलायची. प्रतींचा ढीग झाला. पुढे दाबाचा सेन्सर बदलला. त्याच्या आकड्यावरून दाब काढायचं नवं गणित तिनं एकेका प्रतीत घातलं. बोअरच्या पंपाची प्रत तेवढी राहून गेली.

बोअरचे पंप पटापट नापास व्हायला लागले. ते रेवणसिद्धप्पा जोडायचे, अण्णांच्या वडिलांच्या काळापासून. पंप खोलायचे, पुन्हा जोडायचे, पुन्हा नापास. शेवटी अण्णांनी त्यांना पॅकिंगला बसवलं. वय झालंय अप्पांचं, असं मंजुश्रीलाही वाटलं.

पण दुसऱ्यानं जोडलेले पंपही नापासच झाले. तेव्हा भालकीहून नवीनच आलेल्या इंजिनिअर भुवनेश्वरीनं आकृती उघडली.

"अक्का, ह्या प्रतीत जुनंच गणित ऱ्हायलंय. आन् इतक्या प्रती कामून? पुण्यात वर्ग शिकलात न्हवं?"

अण्णा मागंच उभे होते. मंजुश्रीचे कान तापले.

"अप्पाला तूच जाऊन सांग," अण्णा एवढंच म्हणाले.

रेवणसिद्धप्पा खोक्याला पट्टी चिकटवत होते.

"अप्पा, पंप चांगलेच हुते. चूक माझ्या प्रोग्रामात हुती."

त्यांचे हात थांबले. "मी लातूरला जाऊन डोळे तपासून आलो गं. डॉक्टर म्हणला, नजर चांगली हाय. म्हणलं, मग हातच गेला आपला."

"मला शिव्या द्या, अप्पा."

"शिव्या कशाला? मी खोलायलो, जोडायलो, तवा एकदा येऊन बघायचं हुतंस."

त्यानंतर ती भुवनेश्वरीजवळ शिकायला बसली.

"सगळ्या पंपांना लागतंय ते 'पंप' नावाच्या मूळ वर्गात एकदाच ठेवायचं," भुवनेश्वरी सांगू लागली. "बोअरचा, विहिरीचा, हे त्याच्यापासून काढायचे. त्यांच्यात त्यांचं येगळं तेवढंच. सेन्सर बदलला तर एकाच जागी हात लावायचा."

"म्हणजे बापाचं लेकरांना आपोआप?"

"व्हय."

इतकं साधं होतं. तेच तिला जास्त लागलं. पुण्यात एकदा तोंड उघडलं असतं तर भागलं असतं.

तिनं सगळ्या प्रती काढून टाकल्या आणि प्रोग्राम नव्यानं बांधला. सौरपंप आला तेव्हा त्याची तपासणी दुपारच्या आत तयार झाली. अण्णांनी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली. तिला मान वर करवेना.

रेवणसिद्धप्पा आपल्या जागेवर परत आलेत. पण जोडून झालेला पंप ते आता तपासणीला धाडायच्या आधी पुन्हा एकदा खोलून बघतात. गरज न्हाई, म्हणून मंजुश्रीनं कितीदा सांगितलं. ते मान डोलवतात आणि पान्हा उचलतात.